वाचकांचे प्रश्न : सही केलेल्या लिंकवरून थेट क्लाउडमध्ये अपलोड

या वेळचे सगळे प्रश्न एकाच कामाचे आहेत : वापरकर्त्याची फाइल आपल्या सर्व्हरवरून न नेता, ठरावीक मुदतीची सही केलेली लिंक, म्हणजे प्रीसाइन्ड यूआरएल, देऊन थेट क्लाउड स्टोरेजमध्ये पोचवणे. बहुतेकांनी ॲमेझॉनच्या (एडब्ल्यूएसच्या) एस३ या स्टोरेज सेवेबद्दल विचारले आहे, म्हणून उत्तरे त्याला धरून दिली आहेत. गूगल, अझुर आणि क्लाउडफ्लेअर आर२ यांचे वेगळेपण शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : लिंक बनवताना काहीच एरर येत नाही, पण तिच्यावर फाइल पाठवली की ४०३ (नकाराचे उत्तर) येतो. गंमत म्हणजे बकेटचे (एस३ मधल्या फाइलींच्या कप्प्याचे) नाव मुद्दाम चुकवले तरी लिंक बनते. मग लायब्ररी नेमके तपासते काय?

काहीच तपासत नाही. लिंक बनवताना एस३ शी संपर्कच होत नाही. लायब्ररी तुमची गुप्त की, तारीख, रीजन (बकेट ज्या भागात आहे तो) आणि सेवेचे नाव यांपासून सहीची की तयार करते. पाठवायच्या विनंतीतील पद्धत (पुट, गेट वगैरे), पत्ता, क्वेरीतील घटक आणि निवडलेले हेडर एका ठरावीक क्रमाने मांडते, आणि त्यावर एचमॅक-एसएचए२५६ या गणिती पद्धतीने सही काढून लिंकच्या शेवटी जोडते. हे सगळे तुमच्याच मशीनवर होते. बकेट आहे का, परवानगी आहे का, हे प्रश्न विनंती एस३ च्या दारात पोचल्यावरच उभे राहतात, आणि तेव्हा सही करणाऱ्याला *त्या क्षणी* असलेले अधिकार पाहिले जातात.

४०३ आला की आकड्यावर थांबू नका, सोबत आलेला एक्सएमएल मजकूर वाचा. त्यात 'ॲक्सेसडिनाइड' असेल तर सही जुळलेली आहे, अडचण परवानगीची किंवा मुदतीची आहे (मुदत संपली असेल तर 'रिक्वेस्ट हॅज एक्स्पायर्ड' असे स्पष्ट लिहिलेले असते). 'सिग्नेचरडझनॉटमॅच' असेल तर परवानगीकडे पाहण्यात वेळ घालवू नका, त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

परवानगीच्या बाजूने नेहमी सापडणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, पॉलिसीत 'पुटऑब्जेक्ट' दिलेले असते, पण रिसोर्स म्हणून नुसती बकेट लिहिलेली असते. तिच्यापुढे तिरकी रेघ आणि तारांकन नसेल तर ती परवानगी आतल्या फाइलींना लागू होत नाही. दुसरी, बकेट केएमएसमधल्या (एडब्ल्यूएसची की सांभाळणारी सेवा) तुमच्या स्वतःच्या कीने एन्क्रिप्ट केलेली असते. तेव्हा सही करणाऱ्या रोलला (कोड ज्या ओळखीखाली चालतो तिला) 'जनरेटडेटाकी' ही केएमएसची परवानगीही लागते, आणि मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्याने) अपलोड असेल तर 'डिक्रिप्ट'सुद्धा. तिसरी, जुन्या कोडमधून उचललेला एसीएलचा (परवानग्यांच्या जुन्या यादीचा) घटक. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटमध्ये एसीएल मुळातच बंद असतात. तो घटक काढून टाकणे हाच उपाय आहे.

प्रश्न : तीच लिंक टर्मिनलमधल्या 'कर्ल' या साधनातून चालते, ब्राउझरमधून मात्र 'सिग्नेचरडझनॉटमॅच'. लिंक अक्षरन् अक्षर तीच आहे, हे दोनदा पडताळले.

लिंक तीच आहे, पण विनंती तीच नाही. सही लिंकवर नसते, संपूर्ण विनंतीवर असते. ब्राउझर किंवा त्यातली लायब्ररी स्वतःहून काही हेडर जोडते आणि तिथे गणित बिघडते.

एररच्या एक्सएमएलमध्ये 'कॅनॉनिकल रिक्वेस्ट' नावाचा भाग असतो. एस३ ला तुमची विनंती जशी दिसली तशी ती तिथे ओळीने मांडलेली असते. सही करताना तुमच्या लायब्ररीने बनवलेली कॅनॉनिकल रिक्वेस्ट डीबग लॉगमध्ये छापा आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. अंदाजाने बदल करत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते.

फरक बहुतेक वेळा 'कंटेंट-टाइप'मध्ये निघतो. सर्व्हरने सही करताना 'इमेज/जेपीईजी' धरलेले असते आणि वापरकर्ता पीएनजी निवडतो. किंवा ब्राउझर फाइलचा प्रकार वेगळाच सांगतो : एक्सेल बसवलेल्या विंडोज मशीनवर सीएसव्ही फाइलचा प्रकार 'टेक्स्ट/सीएसव्ही' न येता एक्सेलचा येतो, आणि अनोळखी एक्स्टेन्शनला प्रकार रिकामाच येतो. म्हणून क्रम असा ठेवा : ब्राउझरने फाइलचा प्रकार सर्व्हरला कळवायचा, सर्व्हरने तो मान्य यादीत आहे का पाहून त्याच शब्दांवर सही करायची, कोणता प्रकार सहीत घेतला ते लिंकसोबत परत पाठवायचे, आणि ब्राउझरने अपलोड करताना तोच हेडर स्वतः लिहायचा. प्रकार रिकामा आला तर काय धरायचे तेही सर्व्हरनेच ठरवावे.

उलट बाजूही पाहून घ्या. लिंकमधला 'एक्स-ॲम्झ-साइन्डहेडर्स' हा घटक वाचा. तिथे फक्त 'होस्ट' असेल, तर कंटेंट-टाइप सहीत आलेलाच नाही आणि कोणीही कोणताही प्रकार पाठवू शकतो. एस३ च्या जावास्क्रिप्ट एसडीकेच्या (ॲमेझॉनच्या तयार लायब्ररीच्या) तिसऱ्या आवृत्तीत हा हेडर मुद्दाम सांगितल्याशिवाय सहीत घेतला जात नाही. लिंक चालते म्हणून निर्धास्त राहिलेल्या टीमला हे फार उशिरा कळते.

याच एसडीकेबद्दल आणखी एक. २०२५ च्या सुरुवातीपासून ती अपलोडला आपोआप सीआरसी३२ चेकसम (मजकूर जसाच्या तसा पोचला का ते ताडण्याचा आकडा) जोडते. लिंक बनवताना हातात फाइल नसते, त्यामुळे रिकाम्या मजकुराचा चेकसम लिंकमध्ये जाऊन बसतो आणि खरी फाइल आली की जुळत नाही. लिंकमध्ये 'चेकसम-सीआरसी३२' हा घटक दिसला तर क्लायंट बनवताना 'रिक्वेस्टचेकसमकॅल्क्युलेशन' हे सेटिंग 'व्हेन-रिक्वायर्ड' करा.

बाकीची कारणे पटकन : गेटसाठी सही केलेल्या लिंकवर पुट करणे (एडब्ल्यूएसची कमांड-लाइनवरची 'एस३ प्रीसाइन' फक्त डाउनलोडचीच लिंक देते), टर्मिनलमध्ये लिंक अवतरणचिन्हांत न घातल्यामुळे ती पहिल्या '&' पाशीच तुटणे, एचटीएमएलमधून जाताना त्या चिन्हाचे रूप बदलणे. आणि विनंत्या पाठवायला ॲक्सिओस ही लायब्ररी वापरत असाल तर ॲपच्या लॉगिनचा 'ऑथोरायझेशन' हेडर सगळ्या विनंत्यांना आपोआप लागत नाही ना, ते पाहा. लिंकमध्ये एक सही आणि हेडरमध्ये दुसरे ओळखपत्र, असे दोन्ही आले की एस३ ४०० देऊन विनंती नाकारते. अपलोडसाठी वेगळे, कोरे इन्स्टन्स ठेवा.

प्रश्न : कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवर विनंती पाठवण्याच्या ब्राउझरच्या नियमांची) एरर जात नाही. बकेटमध्ये सगळे भरले आहे.

चार जागा पाहा. ओरिजिनमध्ये (तुमच्या साइटच्या पत्त्यात) शेवटी तिरकी रेघ नको, आणि 'एचटीटीपीएस' व पोर्टसकट तो तंतोतंत हवा. पद्धतींमध्ये 'पुट' हवे. 'ऑप्शन्स' लिहू नका, ती विनंती एस३ स्वतःच हाताळते. 'अलाउड हेडर्स'मध्ये तुम्ही पाठवत असलेला प्रत्येक हेडर हवा. मल्टिपार्ट करत असाल तर 'एक्स्पोज हेडर्स'मध्ये 'ईटॅग' (पोचलेल्या तुकड्याची एस३ ने दिलेली खूण) हवाच, नाहीतर अपलोड होईल पण जावास्क्रिप्टला ईटॅग वाचता येणार नाही.

हे सगळे ठीक असेल आणि बकेट नवी असेल, तर लिंकमधला होस्ट पाहा. त्यात रीजनचे नाव नसेल तर सुरुवातीच्या काळात एस३ ३०७ देऊन विनंती योग्य रीजनकडे वळवते. ब्राउझर प्रीफ्लाइटमध्ये (खऱ्या विनंतीआधीच्या चौकशीत) असे वळण मान्य करत नाही आणि ओरड मात्र कॉर्सच्या नावाने होते. क्लायंट बनवताना रीजन नीट द्या आणि लिंकमध्ये रीजनचा होस्ट येतो याची खात्री करा.

प्रश्न : मुदत सात दिवसांची दिली, लिंक काही तासांतच मेली. असे का?

सात दिवस, म्हणजे ६,०४,८०० सेकंद, ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. तुमच्या कोडने सही तात्पुरत्या क्रेडेन्शियलने (ओळखपत्राने) केली असेल, तर त्या क्रेडेन्शियलसोबत लिंकही संपते, मग लिंकमध्ये आकडा काहीही असो. लॅम्डा, ईसी२, कंटेनर या एडब्ल्यूएसवर कोड चालवायच्या सगळ्या सोयींना रोलमधून मिळतात ती क्रेडेन्शियल तात्पुरतीच असतात. 'असूमरोल'ने घेतलेले सत्र न सांगता १ तासाचे असते, रोलच्या सेटिंगनुसार १२ तासांपर्यंत वाढते, पण एका रोलमधून दुसरा रोल घेतला असेल तर १ तासाच्या पुढे जात नाही. लिंकमध्ये 'सिक्युरिटी-टोकन' हा लांबलचक घटक दिसला की सही तात्पुरत्या क्रेडेन्शियलने झाली आहे, हे ओळखावे. एस३ च्या कन्सोलमधून बनवलेल्या लिंकला तर १२ तासांचीच मर्यादा आहे.

यावर कायमस्वरूपी की असलेला वापरकर्ता बनवून त्याने सही करण्याचा उपाय सुचवला जातो. तो करू नका. चार दिवस जास्त चालणाऱ्या लिंकसाठी कधीच न संपणारी की सर्व्हरवर ठेवणे हा सौदा वाईट आहे. अपलोडला इतकी लांब मुदत लागतेच कशाला? मुदत विनंती *सुरू* होताना तपासली जाते. १० मिनिटांच्या लिंकवर नवव्या मिनिटाला सुरू झालेले अपलोड पुढे अर्धा तास चालले तरी पूर्ण होते. फक्त मध्ये जोडणी तुटली तर त्याच लिंकवर पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून मुदत ५ ते १५ मिनिटे ठेवा आणि लिंक पान उघडताना न बनवता फाइल निवडल्यावर बनवा. वापरकर्ता फॉर्म भरता भरता चहाला उठला तरी मग बिघडत नाही. एसडीकेने स्वतः धरलेली मुदतही तपासा : जावास्क्रिप्टमध्ये ती ९०० सेकंद आहे, पायथनच्या बोटो३ मध्ये ३,६००.

प्रश्न : व्हिडिओ १०-१२ जीबीचे असतात. एकाच लिंकवर पाठवता येतील का?

नाही. एका पुटला ५ जीबीची मर्यादा आहे. आणि मर्यादा बाजूला ठेवली तरी २ जीबीची फाइल १० एमबीपीएसच्या अपलोडवर साधारण २७ मिनिटे घेते. तेवढ्यात जोडणी एकदा तुटली की सगळे पहिल्यापासून. १०० एमबीच्या पुढे मल्टिपार्टच वापरावे, असे माझे मत आहे.

त्याचे काम असे चालते. तुमचा सर्व्हर मल्टिपार्ट सुरू करतो आणि त्याला एक 'अपलोड आयडी' मिळतो. फाइलचा कंटेंट-टाइप याच पायरीला द्यायचा, पुढे देता येत नाही. मग प्रत्येक तुकड्यासाठी, त्याचा क्रमांक आणि अपलोड आयडी घालून, वेगळी लिंक. ब्राउझर फाइलचे 'स्लाइस' करून एका वेळी तीन-चार तुकडे पाठवतो आणि प्रत्येकाच्या उत्तरातला ईटॅग जपून ठेवतो. शेवटी क्रमांक आणि ईटॅग यांची चढत्या क्रमाने यादी सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर अपलोड पूर्ण करतो.

तुकडा ५ एमबीपेक्षा लहान चालत नाही (शेवटचा सोडून), आणि एकूण तुकडे १०,००० च्या वर जात नाहीत. म्हणजे ५ एमबीचेच तुकडे पाडत राहिलात तर ५० जीबीच्या अलीकडेच मर्यादा संपते. १२ जीबीच्या फाइलला ६४ एमबीचे १९२ तुकडे होतात. हा आकार बरा पडतो. सगळ्या १९२ लिंका एकदम बनवू नका, शेवटच्या तुकड्याची पाळी येईपर्यंत त्यांची मुदत टळलेली असेल. दहा-दहाच्या गटाने मागवा. तुकडा अडकला तर त्याच क्रमांकाची नवी लिंक घेऊन तो पुन्हा पाठवा, जुन्याची जागा नवा घेतो.

दोन ठिकाणी हमखास फसायला होते. 'कम्प्लीट'च्या उत्तराला २०० आला तरी आतल्या मजकुरात एरर असू शकते, म्हणून मजकूर वाचल्याशिवाय यश जाहीर करू नका. (एसडीके हे पाहते, हाताने एचटीटीपी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) दुसरे, वापरकर्त्याने टॅब बंद केला तर पोचलेले तुकडे बकेटमध्ये राहतात. फाइलींच्या यादीत ते दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. अर्धवट मल्टिपार्ट काही दिवसांनी रद्द करणारा लाइफसायकल नियम बकेट बनवतानाच लावा. ७ दिवस पुरेसे आहेत.

प्रश्न : १० एमबीपेक्षा मोठी फाइल येऊच नये, हे कसे करायचे? जावास्क्रिप्टमध्ये तपासतो आहोत.

जावास्क्रिप्टमधली तपासणी वापरकर्त्याच्या सोयीची आहे, सुरक्षेची नाही. लिंक हाती असलेला कोणीही तुमच्या पानाला वळसा घालून तिच्यावर ५ जीबी पाठवू शकतो. जे सहीत नाही त्याच्यावर तुमचा ताबा नाही.

दोन मार्ग आहेत. पुट ठेवायचे असेल तर ब्राउझरकडून आधी नेमका आकार विचारा, तो मर्यादेत असेल तर 'कंटेंट-लेन्थ' हेडर सहीत घ्या. मग तेवढ्याच बाइट्सची फाइल चालते, एक बाइटही जास्त-कमी नाही. दुसरा मार्ग सही केलेल्या पोस्टचा. त्यात लिंकऐवजी एक पॉलिसी सही होते, आणि तिच्यात 'कंटेंट-लेन्थ-रेंज' घालून किमान व कमाल आकार बांधता येतो, नावाची सुरुवात कोणत्या फोल्डरने व्हावी तेही सांगता येते. किमान आकार १ बाइट ठेवा, म्हणजे रिकाम्या फाइली येणार नाहीत. पोस्टच्या फॉर्ममध्ये सर्व्हरने दिलेली सगळी क्षेत्रे आधी आणि 'फाइल' हे क्षेत्र सर्वांत शेवटी. त्यानंतर लिहिलेले एस३ वाचत नाही. यशस्वी झाल्यावर उत्तर २०४ येते, कारण नसताना ते पाहून घाबरणारे बरेच आहेत.

कंटेंट-टाइपबद्दल मात्र भ्रम नको. 'इमेज/पीएनजी' सहीत बांधले म्हणजे आत पीएनजीच येईल असे नाही. एस३ फाइल उघडून पाहत नाही. म्हणून आलेली फाइल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, तिचे सुरुवातीचे बाइट्स तपासा, आणि मगच तिला कायमच्या जागी हलवा.

प्रश्न : फोटो अपलोड होतो, २०० येतो, पण उघडत नाही. आकारही मूळ फाइलपेक्षा थोडा जास्त दिसतो.

तो 'थोडा जास्त' हाच पुरावा आहे. पुट करताना तुम्ही फाइल 'फॉर्मडेटा'त गुंडाळून पाठवत आहात. पुटला जे मिळते ते एस३ जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे फॉर्मच्या सीमारेषा आणि हेडरही फोटोच्या आत जाऊन बसले. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत बरेच डॅश दिसतील. पुटला बॉडी म्हणून थेट फाइल ऑब्जेक्ट द्या. कर्लमध्येही फॉर्मचा पर्याय न वापरता '--अपलोड-फाइल'चा पर्याय वापरा. फॉर्मडेटा फक्त वरच्या पोस्ट पद्धतीसाठी.

प्रश्न : दिलेली लिंक चुकीच्या हाती गेली तर रद्द करता येते का? आणि ती एकदाच वापरता येते ना?

दोन्हींना उत्तर नाही असेच आहे. मुदत संपेपर्यंत ती कितीही वेळा चालते, आणि दर वेळी त्याच नावाची आधीची फाइल पुसून नवी ठेवते. अशी लिंक म्हणजे सही केलेला चेक : ज्याच्या हातात, त्याचा.

एकटी लिंक रद्द होत नाही. सही करणाऱ्याची परवानगी काढली किंवा की बंद केली तर त्याने सही केलेल्या सगळ्याच लिंका एकदम पडतात. आणीबाणीला हे चालते, रोजच्या कामाला नाही. म्हणूनच अपलोडच्या सहीसाठी वेगळा रोल ठेवा आणि त्याला एका फोल्डरमध्ये पुट करण्यापलीकडे काही देऊ नका. बकेट पॉलिसीत 'सिग्नेचर-एज' ही अट घालून ठरावीक वेळेपेक्षा जुनी सही नाकारता येते. ही अट मिलिसेकंदात असते, १० मिनिटांसाठी ६,००,००० लिहा. कोडमध्ये कोणी चुकून सात दिवस टाकले तरी ही अट सांभाळून घेते.

पुसले जाण्यावर : फाइलचे नाव वापरकर्त्याकडून कधीच घेऊ नका, सर्व्हरने यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) बनवून द्यावा आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवावे. शिवाय 'इफ-नन-मॅच' हेडर तारांकनासह सहीत घेतला तर त्या नावाची फाइल आधीच असताना पुट ४१२ देऊन थांबते. एस३ ने ही सोय २०२४ मध्ये दिली. यामुळे लिंक जवळजवळ एकदाच वापरण्याजोगी होते.

आणि लिंक लॉगमध्ये छापू नका. प्रश्नचिन्हापुढचा भाग कापून मगच लिहा. एरर गोळा करणाऱ्या बाहेरच्या सेवेकडे पूर्ण यूआरएल जातो का, तेही पाहा.

प्रश्न : हाच कोड गूगल, अझुर किंवा आर२ वर न्यायचा आहे. काय बदलेल?

आर२ एस३ ची एसडीकेच वापरते, त्यामुळे बदल कमी. पण सही केलेले पोस्ट तिथे नाही, आणि लिंक एस३ एपीआयच्या होस्टवरच चालते, स्वतःच्या डोमेनवर नाही. आकाराची मर्यादा पोस्टवर टाकलेली असेल तर ती दुसरीकडे हलवावी लागेल.

गूगलमध्ये व्ही४ सहीची कमाल मुदतही सात दिवसच. मोठ्या फाइलींना तिथली रिझ्युमेबल पद्धत वापरा : 'एक्स-गूग-रिझ्युमेबल' हेडरसह एक पोस्ट सही करायचे, उत्तरातल्या 'लोकेशन'मध्ये सत्राचा पत्ता येतो, आणि पुढचे तुकडे त्या पत्त्यावर जातात. तुकडे २५६ केबीच्या पटीत हवेत, शेवटचा सोडून. मधल्या तुकड्याला ३०८ हे उत्तर बरोबर असते. तो सत्राचा पत्ता आठवडाभर चालतो आणि त्याला वेगळी सही लागत नाही, तेव्हा त्याला लिंकइतकेच जपा.

अझुरमध्ये सही केलेल्या लिंकला एसएएस (शेअर्ड ॲक्सेस सिग्नेचर) म्हणतात. पुट करताना 'एक्स-एमएस-ब्लॉब-टाइप' हा हेडर 'ब्लॉकब्लॉब' या मूल्यासह पाठवलाच पाहिजे, नाहीतर ४०० येतो. एस३ वरून येणारे सगळ्यात आधी इथे अडखळतात. यश २०१ ने कळते. परवानग्या बारीक आहेत : फक्त 'क्रिएट' दिले तर नवी फाइल बनते पण जुनी पुसता येत नाही, अपलोडसाठी हेच द्यावे. सुरुवातीची वेळ लिंकमध्ये घालू नका, किंवा १५ मिनिटे मागची घाला, कारण घड्याळातल्या किरकोळ फरकाने ताजी लिंक नाकारली जाते. सर्व्हिस एसएएस कंटेनरवरच्या (अझुरमधल्या बकेटवरच्या) साठवलेल्या पॉलिसीला बांधली तर ती पॉलिसी काढताच लिंक रद्द होते, ही सोय एस३ कडे नाही. एका कंटेनरवर अशा पाचच पॉलिसी बसतात, त्यामुळे वापरकर्त्यागणिक एक करता येत नाही. कामाच्या प्रकारागणिक एक करा.